गिटारच्या पोटात ट्यूनर : वाचक विचारतात

इलेक्ट्रिक गिटारच्या आतच ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र, बसवता येतो का, हा एकच प्रश्न सध्या वेगवेगळ्या गावांतून येतोय. येतो बसवता. पण कुठे, कसा, आणि मुळात बसवावा का, हे प्रत्येक गिटारचं वेगळं असतं, म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिलीय.

प्रश्न : दादा, माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो आणि गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात पण. स्टेजवर क्लिप ट्यूनर नुसता नाचत असतो, काही स्थिर दाखवतच नाही. मित्राच्या अकूस्टिकला कडेला ट्यूनर कंपनीनेच बसवलेला आहे, तसा माझ्या गिटारला बसेल का? एक छोटा ट्यूनर घरी पडून आहे, तोच आत टाकू का? सोल्डरिंग थोडंफार येतं. (नाशिक)

उत्तर : बसेल रे, पण मित्राच्या गिटारसारखा नाही. त्याच्या अकूस्टिकला कडेला जे दिसतं तो अख्खा प्रीअँप (सिग्नल वाढवणारा डबा) असतो, ब्रिजखाली कंपन पकडणारा पिझो, ९ व्होल्टची बॅटरी, इक्वलायझर आणि त्याच डब्यात ट्यूनर. अकूस्टिक पोकळ म्हणून तो डबा मावतो. तुझी गिटार भरीव लाकडाची, आत जागा म्हणजे पिकगार्डखाली, म्हणजे पुढच्या पातळ आवरणाखाली, कोरलेला खड्डा आणि तोही साधारण दीड इंच खोल. त्यामुळे तो डबा विसर.

क्लिप ट्यूनर खराब नाहीये तुझा. तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, लाकडाचं कंपन पकडतो, आणि शेजारी ढोल चालू असला की स्टेज, गिटार आणि तू स्वतः, सगळेच थरथरत असता, मग तो बिचारा काय दाखवणार. तारांखालच्या पिकअपचं तसं नाही, त्याला स्टीलची तार चुंबकापुढे हलली तरच कळतं, ढोल त्याला जवळपास ऐकूच येत नाही. म्हणून स्टेजवर ट्यूनर पिकअपच्या सिग्नलवर चालणाराच पाहिजे, मग तो पायाखालचा पेडल असो नाहीतर पोटातला. आणि माझं मत विचारशील तर आधी पेडल. बॉसचा टीयू-२ १९९८ मध्ये आला तेव्हापासून जगभरच्या स्टेजवर हाच प्रकार चालतोय, एक भोक पाडावं लागत नाही आणि गिटार विकलीस तरी ट्यूनर तुझ्याकडेच राहतो. पण तुमच्या ऑर्केस्ट्रात पायाखाली पेडल ठेवायला जागाच नसते, वायरलेस लावून इकडेतिकडे फिरत वाजवायचं असतं, असं काही असेल तर पोटातला ट्यूनर खरंच कामाचा आहे.

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे रेडीमेड, जसा एन-ट्यून. हा व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) जागीच बसतो, नॉबच्या भोवती दिव्यांची रिंग असते आणि त्यात स्वरांची नावं उजळतात. नॉब वर ओढला की आवाज बंद आणि ट्यूनर चालू, खाली दाबला की परत नेहमीसारखी गिटार. ९ व्होल्टची बॅटरी लागते. मला या प्रकारात आवडतं ते हे की नवीन भोक नको, उद्या कंटाळा आला तर जुना पॉट परत लावायचा, गिटारला काही झालेलंच नसतं.

घेताना व्हॅल्यू बघून घे. सिंगल कॉइल पिकअपला २५० के (किलोओहम), हंबकर म्हणजे जुळ्या कॉइलच्या पिकअपला ५०० के. आहे तो पॉट किती केचा आहे ते त्याच्या पाठीवर छापलेलं असतं, नसेल तर पॉटच्या वायरी सोडवून मग मल्टिमीटर लाव. वायरी जोडलेल्या असताना मोजलंस तर ६-७ के दिसेल आणि तू गोंधळशील, ते पॉटचं नाही, पिकअपचं रीडिंग आहे. आणि भोकाचा साइज बघ. जाडजूड अमेरिकन पॉटला साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, स्वस्त आशियाई गिटारमध्ये लहान पॉट असतात, त्यांचं भोक सात-आठचं असतं. तुझं लहान निघालं तर रीमरने हळूहळू मोठं कर, ड्रिलने करायला जाऊ नको, प्लास्टिकचं पिकगार्ड असलं तर ड्रिल भोकाची कड धरतं आणि सरळ तडा.

आता स्ट्रॅटमधली गंमत. स्ट्रॅटमध्ये सगळी ग्राउंडची मंडळी व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर येऊन जमलेली असतात. तिन्ही पिकअपच्या काळ्या वायरी, जॅकची ग्राउंड, मागच्या ट्रेमोलोच्या, म्हणजे दांड्याने हलणाऱ्या ब्रिजच्या, स्प्रिंगा अडकवायच्या क्लॉवरून आलेली वायर, टोन पॉटचे फाटे, सगळं एकाच डागात. नवीन मॉड्यूलच्या पाठीला सर्किट असतं, तिथे तुला हा गोळा लावता येणार नाही. तर आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढ, प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी लाव, मग सगळं सोडव आणि तो गोळा टोन पॉटच्या पाठीवर हलव. पॉटच्या पाठीला जरा खरवडून घे म्हणजे सोल्डर धरेल. २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने पाठ तापता तापत नाही आणि आपण धरून बसतो तोवर पॉट आतून भाजतो, म्हणून इथे ४०-६० वॅटची घे आणि पटकन डाग देऊन बाजूला हो. क्लॉची वायर चुकूनही मोकळी ठेवू नको, तारांना हात लावल्यावर जी भुणभुण बंद होते ती त्या वायरमुळेच. आणि बॉडीवर जाड फडकं टाक. गरम सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की तो डाग कायमचा.

दुसरा रस्ता तुझ्या घरात पडलेल्या ट्यूनरचा. तो उघडण्याआधी एवढंच बघ, त्याला इनपुट जॅक आहे का? नुसता माइकवाला किंवा क्लिपवाला असेल तर सोड. जॅक असेल तर तो काढून तिथे दोन वायरी जोडता येतात, आणि ट्यूनरमध्ये माइकही असेल तर त्याची वायर काप, नाहीतर ज्या ढोलापासून पळतोयस तो परत आत येईल. डिस्प्लेसाठी खिडकी लागणार, ती ओरिजिनल पिकगार्डमध्ये कापू नकोस. साधं दुसरं पिकगार्ड मिळतं, त्यात काप आणि ओरिजिनल नीट गुंडाळून ठेव. पण आपल्या भोकांशी जुळतंय ना ते आधी बघ, आठ स्क्रूचं आणि अकरा स्क्रूचं असे दोन प्रकार असतात.

वायरिंग कसं करायचं यावर इथले अर्धे लोक फसतात. ट्यूनरची वायर सरळ जॅकवर जोडून टाकतात, मग व्हॉल्यूम शून्यावर असताना ट्यूनर मुका, आणि व्हॉल्यूम वाढवला की ट्यून करताना सगळ्या पब्लिकला टँव टँव ऐकू. त्यापेक्षा सहा पायांचा डीपीडीटी स्विच घे, साधा ऑन-ऑन. पहिल्या रांगेत मधल्या पायाला पिकअप सिलेक्टरकडून येणारी हॉट (सिग्नलची) वायर लाव, एका टोकाच्या पायाला व्हॉल्यूम पॉटचं इनपुट आणि दुसऱ्या टोकाला ट्यूनरचं इनपुट. दुसऱ्या रांगेत मधल्या पायाला जॅकच्या हॉटवरून एक फाटा आण (मूळ वायर तशीच राहू दे), ट्यूनरच्या बाजूच्या टोकाला ग्राउंड, उरलेला पाय मोकळा. झालं. दांडा एकीकडे टाकला की गिटार जशी होती तशी, दुसरीकडे टाकला की पिकअप थेट ट्यूनरकडे आणि जॅक ग्राउंडवर म्हणजे बाहेर पूर्ण शांतता. दांडा ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूचे पाय जोडलेले असतात, म्हणून डाग देण्याआधी मल्टिमीटरच्या बीपने एकदा खात्री कर. बॅटरीसाठी मात्र यात पाय उरत नाहीत, ती ट्यूनरच्या स्वतःच्या बटणाने चालू-बंद कर, नाहीतर पेडलमध्ये असतो तो नऊ पायांचा थ्रीपीडीटी लाव, त्याची तिसरी रांग बॅटरीला. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतं, नाशिकला नाही मिळालं तर ऑनलाइन आहेच.

प्रश्न : लेस पॉल टाइप गिटार, दोन हंबकर. मला काहीच कापायचं नाही, सोल्डरिंग येत नाही. काही उपाय? (चिंचवड)

उत्तर : आहे. हंबकरच्या भोवती जी प्लास्टिकची चौकट असते ना, तीच ट्यूनरवाली मिळते. जर्मनीच्या शॅडो कंपनीची प्रसिद्ध आहे. चार स्क्रू काढायचे, जुनी चौकट काढायची, ही लावायची. नाण्यासारख्या बॅटरीवर चालते. डिस्प्ले वरच्या कडेला येतो म्हणजे मान थोडी झुकवली की दिसतो, ही जागा खरं तर व्हॉल्यूम नॉबपेक्षा बरी.

ऑर्डर करण्याआधी पट्टी घेऊन बसा. लेस पॉलचा माथा फुगीर असतो त्यामुळे चौकटीचा तळही थोडा गोलाई दिलेला लागतो, सपाट तळाची लावलीत तर टोकं वर राहतात आणि स्क्रू आवळून आवळून चौकट मोडते. नेककडची बुटकी आणि ब्रिजकडची उंच असते, दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, ते अमेरिकन आणि मेट्रिक गिटारमध्ये थोडंसं वेगळं असतं, एखाद्या मिलिमीटरनेच, पण तेवढ्याने स्क्रू तिरका जातो. हे सगळं जुळलं तर नेककडची घ्या, का ते पुढच्या एका उत्तरात येईलच.

प्रश्न : सर, मुलाच्या काकांनी त्याला त्यांची जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली आहे. १९८० च्या सुमाराची, बाहेरून आणलेली, जपानमध्ये तयार झालेली. मुलगा म्हणतो त्यात ड्रिल करून ट्यूनर बसवतो. मला यातलं काही कळत नाही, पण जीव घाबरतोय. परवानगी देऊ का? (सांगली)

उत्तर : ताई, नका देऊ. त्या काळातल्या जपानी गिटारींपैकी बऱ्याच आज चांगल्या मानल्या जातात आणि लोक त्या शोधत असतात, पण ओरिजिनल असतील तर. एक भोक पडलं की घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. मुलाला एक क्लिप ट्यूनर घेऊन द्या, घरी वाजवायला त्याहून जास्त काहीही लागत नाही. ऐकत नसेल तर काकांनाच फोन लावून द्या, ते दोन मिनिटांत समजावतील.

प्रश्न : एका कारागिराकडून गिटारमध्ये ट्यूनर बसवून घेतला, दोन हंबकरची गिटार आहे. तेव्हापासून अँपमधून बारीक चिर्र असा आवाज येतो, टोन पण मऊ झालाय, जणू वर कांबळं टाकलंय. आणि बॅटरी आठवडाभर पण टिकत नाही. परत काढून टाकू का? (मडगाव)

उत्तर : काढू नका लगेच, तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही दुरुस्त होतात.

चिर्र आवाज म्हणजे ट्यूनरमधली चिप आणि दिवे. ते दर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात आणि बाजूने जाणारी पिकअपची वायर ते उचलते. म्हणजे तुम्ही वाजवत असताना पण तुमचा ट्यूनर जागाच आहे, त्याची वीज तोडलेली नाही. वाजवताना ट्यूनर पूर्ण बंद पाहिजे, हा या सगळ्या प्रकरणातला पहिला नियम. वर नाशिकच्या उत्तरात बॅटरीपण तोडणारा नऊ पायांचा स्विच सांगितलाय तो लावून घ्या. त्यानंतरही थोडा आवाज उरला तर खड्ड्याला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा आणि ट्यूनरकडे जाणारी वायर शिल्डेड वापरा.

टोन मऊ होण्याची दोन कारणं असू शकतात. ट्यूनर कायम पिकअपला समांतर जोडलेला असेल आणि त्याच्या इनपुटचा रोध एक मेगओहमपेक्षा बरंच कमी असेल तर तो वरचा सगळा ट्रेबल खातो. किंवा कारागिराने ५०० केचा पॉट काढून २५० केचा घातलाय, तुमचे हंबकर आहेत म्हटल्यावर मला याचीच शंका जास्त येते. पाठीवरचा आकडा वाचा, लगेच कळेल.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-अवर असतात, दिवेवाल्या ट्यूनरने २० मिलिअँपिअर जरी खाल्ले तरी २५ तासांत खेळ खलास. बहुतेक तुमच्या गिटारला स्टीरिओ जॅक घातलाय, त्यात केबल खुपसली की तिची मोनो पिन बॅटरीचा निगेटिव्ह ग्राउंडला जोडते आणि सर्किट चालू होतं. सोय चांगली आहे, पण वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवून झोपलात की रात्रभर ट्यूनर चालू. तीन रात्री अशा गेल्या की बॅटरी गेलीच. केबल काढायची सवय लावा, आणि स्विच लावलात तर हा प्रश्नच राहत नाही, वर केबल न लावतासुद्धा ट्यून करता येईल.

अजून एक, तुम्ही समुद्राजवळ राहता म्हणून. पावसाळ्यात महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी बाहेर काढून ठेवा. स्वस्तातली साधी बॅटरी फुटून पाझरली की ते पाणी पॉटच्या पायांपर्यंत जातं आणि सगळं हिरवं होऊन बसतं.

प्रश्न : बिल्ट-इन ट्यूनर बसवला, मस्त चालतो, पण खालची जाड ई तार कधी स्थिर दाखवतच नाही, काटा वर-खाली होतो. आणि ट्यून केलेली गिटार दोन गाण्यांत उतरते. ट्यूनर बदलू? (ठाणे)

उत्तर : बदलू नका, ट्यूनर बिचाऱ्याचा दोष नाही. जाड ई म्हणजे फक्त ८२.४१ हर्ट्झ, आणि तिच्यात वरचे हार्मोनिक (उपस्वर) भरपूर, त्यामुळे ट्यूनर गोंधळतो. नेक पिकअप निवडा, तिथे ते कमी येतात, टोन नॉब पूर्ण खाली, बोटाच्या मांसल भागाने बाराव्या फ्रेटच्या आसपास हळू छेडा. जोरात मारलं की तार आधी चढते मग खाली येते, ते पहिलं सेकंदभर सोडून वाचा. तरी डुलत असेल आणि गिटार स्ट्रॅट असेल तर पिकअप तारेच्या फार जवळ आहे का बघा, चुंबक तारेला ओढून धरतो आणि सूरच लटपटतो. स्क्रू फिरवून पिकअप थोडा खाली करा.

दोन गाण्यांत उतरते त्याला ट्यूनरचा काही इलाज नाही. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकते, बेंड केलं की परत जागेवर येत नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, आणि ट्यून करताना नेहमी खालून वर चढवत आणा, वर गेलीच तर सुराच्या खाली उतरवून परत चढवा. ट्रेमोलो तरंगता ठेवलेला असेल तर एक तार चढवली की बाकीच्या पाच थोड्या उतरतात, म्हणून सहाही तारांवरून दोन-तीन फेऱ्या मारायलाच लागतात, याला शॉर्टकट नाही.

प्रश्न : आपोआप ट्यून होणारी गिटार घ्यावी का? (पुणे)

उत्तर : गिब्सनने २००७ मध्ये रोबॉट गिटार काढली होती, जर्मनीच्या ट्रोनिकल कंपनीचं तंत्र, खुंट्यांना मोटर. २०१५ च्या बहुतेक मॉडेलवर त्यांनी हे सरसकट लावून टाकलं आणि गिटारवाले एवढे चिडले की पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची मॉडेल परत आली. सेकंडहँड स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल तर आधी बॅटरी आणि चार्जर चालू आहेत का बघा. मी नाही घेणार.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी इलेक्ट्रिक गिटार साथीला घेतो, पोरांना आवडतं. गिटारमध्ये ट्यूनर बसवलाय, त्यावर सगळ्या तारा हिरव्या, पण पेटीशी काही केल्या जुळत नाही. पेटीमास्तर म्हणतात तुझी गिटार बेसूर. (सातारा)

उत्तर : दोघंही बरोबर आहात. तुमचा ट्यूनर ए बरोबर ४४० हर्ट्झ धरून चाललाय आणि जुन्या पेट्या पुष्कळदा त्यापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात. पेटीचे सूर पितळी पात्यांचे, ते काही मंडळाच्या कार्यक्रमाआधी बदलता येत नाहीत, तेव्हा हलायचं तुम्हीच. आणि इथे पोटातल्या ट्यूनरची एक अडचण, त्याला माइक नाही, तो फक्त तुमच्या तारा ऐकतो, पेटी त्याला ऐकूच येत नाही.

तर मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, मास्तरांना पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, म्हणजे ए. भात्याचा दाब एकसारखा ठेवायला सांगा, जोरात हाणला की सूर हलतो. ॲप समजा ४४५ दाखवतंय. मग तुमच्या ट्यूनरला कॅलिब्रेशनचं बटण असेल तर ४४५ करा आणि पुढे नेहमीसारखं ट्यून करा. बटण नसेल तर एवढं लक्षात ठेवा की ४४५ म्हणजे ४४० पेक्षा जवळपास २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर, म्हणजे प्रत्येक तार हिरव्या दिव्याच्या तेवढीच पुढे न्यायची. दिव्यांचा ट्यूनर असेल तर वीस सेंट म्हणजे नेमका कितवा दिवा ते ओळखणं अवघड जातं, अशा वेळी ए तार पेटीच्या पांढरी सहाशी कानानेच जुळवा, ट्यूनर कुठला दिवा लावतो ते बघा, आणि बाकीच्या पाच तारा त्याच दिव्यावर आणा. कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून काळी दोन वगैरे पट्टी धरत असाल तर कापो लावल्यावर परत एकदा तपासा, घट्ट कापोने तारा थोड्या चढतात.